बरोबर प्रश्न, चुकीचं दार

गेल्या महिन्यात इंदूरला, आमच्या लोकमान्यनगरातल्या मंडळात, एका डॉक्टरांचं कॅन्सरवर व्याख्यान झालं. व्याख्यान नेटकं होतं. वाद पेटला तो नंतर, चहाच्या वेळी, आणि पुढे आठ दिवस तो एका ओटल्यावरून दुसऱ्या ओटल्यावर फिरत राहिला. निमित्त होतं आमच्या गल्लीतल्या काकूंचं. वय ७१, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, बाहेरचं खाणं म्हणजे वर्षातून एखादे वेळी सराफ्यातली रबडी. आणि त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. एक बाजू म्हणाली, आपोआप काही होत नसतं. प्लास्टिकचे डबे, मायक्रोवेव्ह, नॉनस्टिक तवा, फवारलेली भाजी, काहीतरी चुकलंच असणार. एकीने तर काकूंनी मुलांना अंगावर किती महिने पाजलं होतं याचीही चौकशी केली. दुसरी बाजू म्हणाली, या कशालाच अर्थ नाही, ज्याच्या कपाळी आहे त्याला होतो, विड्या ओढणारेही नव्वदी गाठतात. हे ज्यांनी सांगितलं त्या गृहस्थांच्या खिशात तंबाखूची पुडी होती. मी ३० वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून दोन्ही बाजूंनी मला पंच नेमलं.

मी तिथे फारसं बोलले नाही, कारण दोन्ही बाजू एकच चूक करत होत्या आणि ती उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती. माझं म्हणणं असं आहे: 'कॅन्सर कशामुळे झाला?' हा प्रश्न एकट्या माणसाबद्दल विचारला तर बहुतेक वेळा त्याला खात्रीचं उत्तर नसतं. तोच प्रश्न लाख माणसांबद्दल विचारला तर उत्तर असतं, ते पक्कं असतं आणि त्यावर काही करताही येतं. आपण नेमकं उलट वागतो. आजारी माणसाच्या खाटेशी बसून त्याची उलटतपासणी घेतो, आणि ज्यांना जाब विचारायला हवा त्या कारखानदारांच्या, विक्रेत्यांच्या, सरकारच्या दारावरून मुकाट पुढे जातो.

आधी शरीरात होतं काय ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यांतल्या कितीतरी रोज मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. अस्थिमज्जा सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी बनवते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. पेशी दुभंगताना दर वेळी डीएनएची, अब्जावधी अक्षरांची, अख्खी संहिता नकलून काढावी लागते. पूर्वी पोथ्या नकलत, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. लेखनिक कितीही सावध असला तरी एखादा काना सुटतो, एखादी ओळ गळते, समासातली टीप मजकुरात शिरते. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीत असे इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये एकनाथांना तिचं शुद्धीकरण करावं लागलं. पेशीतही असे एकनाथ आहेत: डीएनएतल्या चुका हुडकून दुरुस्त करणारी प्रथिनं. त्यांचं काम इतकं चोख की एवढ्या प्रचंड नकलेमागे सरासरी तीनेक चुका उरतात.

उरलेल्या चुका बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या, अर्थाला धक्का न लावणाऱ्या. पण एखादी चूक 'करावे'चं 'न करावे' करून टाकते. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत 'रास' गटातल्या एका जनुकाचं एकच अक्षर बदललेलं सापडलं. त्या एका अक्षराने वाढीची सूचना कायमची चालू राहिली होती. तेवढ्याने कॅन्सर होत नाही. वाढ रोखणारी जनुकं निकामी व्हावी लागतात, आणि त्यांच्या तर दोन-दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं 'पी-५३' नावाचं एक जनुक आहे. जवळपास निम्म्या कॅन्सरांत ते मोडलेलं आढळतं. शिवाय गाठीला रक्तवाहिन्या ओढून आणाव्या लागतात आणि शेवटी आपली हद्द ओलांडून दुसऱ्या अवयवात बस्तान बसवावं लागतं. इतके बिघाड पेशींच्या एकाच वंशावळीत साठायला बहुधा दशकं जातात. म्हणून हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. आणि म्हणूनच 'काकूंनी असं काय केलं?' या प्रश्नातलं एकवचनच मुळात चुकतं. त्या चुकांपैकी एखादी वारशाने आली असेल, एखादी चुलीच्या धुराने झाली असेल, दोन-तीन निव्वळ नकलताना झाल्या असतील. तंबाखू आणि ऊन यांच्यासारखी काही कारणं डीएनएवर आपला ओळखू येणारा ठसा ठेवून जातात. बाकीच्या बहुतेक चुकांवर कोणाची सही नसते.

दुसरं असं की कॅन्सर हे आजाराचं नाव कमी आणि आडनाव जास्त आहे. त्या आडनावाची घरं निराळी, स्वभाव निराळे. तोंड, फुप्फुस, आतडं, स्तन, गर्भाशयाचं मुख यांच्या अस्तरातल्या पेशी सतत नव्या होतात, बाहेरच्या जगाशी किंवा हॉर्मोन्सशी त्यांचा रोजचा संबंध. बहुसंख्य कॅन्सर तिथूनच निघतात, त्यांना कार्सिनोमा म्हणतात. हाड, स्नायू, चरबी यांचे सार्कोमा विरळ. रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी बिघडल्या तर ल्युकेमिया, लसिका-ग्रंथींतल्या बिघडल्या तर लिम्फोमा. हृदयाच्या स्नायूपेशी मोठेपणी जवळजवळ दुभंगतच नाहीत, म्हणून हृदयाचा कॅन्सर तुम्ही क्वचितच ऐकला असेल. एकट्या स्तनाच्या कॅन्सरचेही प्रकार आहेत: इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा एक, न पोसला जाणारा दुसरा, दोघांची औषधं वेगळी, चालही वेगळी. अशा सगळ्या गोतावळ्याला मिळून एकच कारण मागणं म्हणजे काय?

असा प्रकार एकदा होऊन गेलेला आहे. शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत 'ताप' हाच एक रोग होता. तो कशाने येतो यावर असेच वाद झडत: वाईट हवा, अपथ्य, पाप, ग्रहमान. मलेरिया या शब्दाचा अर्थच 'वाईट हवा'. मग हिवताप वेगळा निघाला, विषमज्वर वेगळा, काळाआजार वेगळा. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. त्यानंतर आपण काय केलं? हिवताप झालेल्याला 'तू काय खाल्लं होतंस?' असं विचारणं सोडलं आणि डबकी बुजवायला घेतली. कॅन्सरच्या बाबतीत डबकी सापडून कैक वर्षं झाली. आपण अजून रोग्याचं ताट तपासतो आहोत.

आता आचाराला दोष देणाऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते, आणि ते थोडंथोडकं नाही. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या त्वचेवर होणारा कॅन्सर काजळीशी जोडून दाखवला. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉ. वसंत खानोलकरांनी भारतीय सवयींशी बांधलेले तीन कॅन्सर नोंदवले: धोतराची गाठ कमरेला जिथे घासते तिथला, चुट्ट्याचं, म्हणजे जाड विडीचं, पेटतं टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूचा, आणि खैनीची चिमूट दाबतात त्या खालच्या ओठामागचा. काश्मिरात फिरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर. रोग जणू बोट ठेवून दाखवत होता, हीच ती जागा. जपानमधून हवाईत आणि अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत एक-दोन पिढ्यांत जठराचा कॅन्सर घटला, स्तनाचा आणि आतड्याचा वाढला. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. बदललं ते राहणं-खाणं. आपल्याकडचं पाहा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण, त्यांतले सुमारे १ लाख ४४ हजार ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे. आणि हे केवळ तंबाखूवर ढकलून मोकळं होता येत नाही. नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरलेली आहे. माझ्या आजीचा पितळी अडकित्ता अजून माझ्या कपाटात आहे, जेवण झालं की त्याचा आवाज यायचा. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

मग आचाराचीच बाजू बरोबर ठरली का? नीट पाहिलं तर हे सगळे दाखले तिच्या विरुद्ध जातात. कांगडी कुशीत घेणारा काश्मिरी काही व्यसन करत नव्हता, थंडीपासून जीव वाचवत होता. धोतर नेसणं हा कोणाचा दुर्गुण नव्हता. आणि ती धुराड्यांतली पोरं? चार-सहा वर्षांची, गरीबाघरची, अंगावर चिंधी नाही अशी आत चढवलेली. आठ वर्षांखालच्या मुलाला हे काम देऊ नये असा कायदा १७८८ मध्ये झाला, १८४० मध्ये एकविसाच्या आतल्यांना बंदी झाली, आणि खरोखरची अंमलबजावणी यायला १८७५ साल उजाडलं. पॉट यांनी कारण सांगून तेव्हा शंभर वर्षं झाली होती. कारण माहीत होतं. ज्यांच्या हातात ते दूर करणं होतं त्यांची धुराडी स्वस्तात साफ होत होती.

आचाराच्या बाजूला माझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे तो जोगिणींचा. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी नोंदवलं की मठांतल्या ख्रिस्ती साध्वींत स्तनाचा कॅन्सर फार आढळतो. १८४२ मध्ये वेरोनाच्या मृत्युनोंदी चाळून रिगोनी-स्टर्न यांनी तेच पाहिलं, आणि गर्भाशयाचा कॅन्सर मात्र त्यांच्यात कमी, हेही. मिताहार, ब्रह्मचर्य, पहाटेची प्रार्थना. यांचा आचार कुठे चुकला होता? कारण शरीरातलं होतं. बाळंतपण नाही, अंगावर पाजणं नाही, त्यामुळे महिन्यामागून महिना हॉर्मोन्सच्या तालावर स्तनातल्या पेशी दुभंगत राहिल्या आणि नकलण्याच्या चुकांना तेवढ्या संधी मिळाल्या. म्हणजे अंगावर पाजण्याने धोका थोडा उतरतो हे खरंच आहे. पण ही माहिती नव्या आईला द्यायची, तिला कामावरून रजा मिळेल असं पाहायचं. एकाहत्तराव्या वर्षी गाठ निघालेल्या बाईला पन्नास वर्षांपूर्वीचा हिशेब मागायचा नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचंही तसंच. तो एचपीव्ही या विषाणूने होतो हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणू इतका सर्रास आढळणारा की आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना तो भेटतोच; एकनिष्ठ राहिलेल्या बाईला तो नवऱ्याकडून मिळू शकतो. तरी कुजबुज तिच्याच चारित्र्याची होते. त्यावरची लस पुण्यात तयार होते, २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. आमच्या ओटल्यावरच्या आठ दिवसांच्या चर्चेत तिचं नाव एकदाही निघालं नाही.

नशिबाच्या बाजूकडेही एक भक्कम मुद्दा आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो म्हणून मीच मांडते. २०१५ मध्ये तोमासेत्ती आणि फोगेलस्टाइन या दोघा संशोधकांनी दाखवलं की कोणत्या ऊतीत कॅन्सर जास्त आणि कोणत्या कमी, यातला सुमारे दोन-तृतीयांश फरक त्या ऊतीतल्या, नव्या पेशी पुरवणाऱ्या, मूळ पेशी आयुष्यभरात किती वेळा दुभंगतात यावरून सांगता येतो. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, 'कॅन्सर म्हणजे नशीब'. त्यात तथ्य आहे, आणि दिलासाही. तीन वर्षांच्या लेकराला ल्युकेमिया होतो तेव्हा आईबापांनी स्वतःला कशाकशाचा दोष द्यायचा? पण दोन ऊतींमधल्या फरकाचा दोन-तृतीयांश म्हणजे रुग्णांपैकी दोन-तृतीयांश नव्हेत. आतडं आणि हाड यांच्यात फरक का, हे त्या गणिताने कळतं. सिगारेट ओढणारा आणि न ओढणारा यांच्यातला फरक त्याने पुसला जात नाही. पाच चुका लागत असतील आणि चार नशिबाने झाल्या असतील, तर पाचवी अडवली तरी रोग अडतो. कवड्या आपण टाकत नाही हे कबूल. किती वेळा टाकल्या जाव्यात, हे मात्र काही अंशी आपल्या हातात आहे.

आणि नशिबाचा युक्तिवाद इतिहासात कोणाच्या कामी आला हेही आठवावं. १९५० मध्ये ब्रिटनमधले संशोधक रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध मांडला. डॉल यांचा आधी संशय होता रस्त्यांच्या डांबरावर. आकडे पाहिल्यावर त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. त्यांना विरोध कोणी केला? रोनाल्ड फिशर यांनी, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने. त्यांचं म्हणणं, ज्यांच्या जनुकांत कॅन्सर आहे त्यांच्याच जनुकांत धूम्रपानाची ओढही असेल. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते. 'जन्मतःच लिहिलेलं असतं' हे वाक्य विक्रेत्याला फार सोयीचं पडतं. डॉल यांनी १९५१ पासून सुमारे ३४ हजार ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षं पाठपुरावा केला. सिगारेट तिशीत सोडली तर आयुष्याची सुमारे १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, अगदी साठीत सोडली तरी ३. कपाळावर लिहिलेलं असं वयानुसार बदलत असतं का?

पूर्वजांना कॅन्सर नव्हता, या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. सुश्रुताने अर्बुदाचं वर्णन केलं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. ज्या वयात हा रोग गाठतो त्या वयापर्यंत फार थोडे पोचत. शहरांत स्तनाचा कॅन्सर वाढतो आहे हे मात्र खरं, आणि त्याची कारणं लग्नाचं आणि बाळंतपणाचं वय, वजन, बैठं काम यांत शोधायला हवीत. मायक्रोवेव्हमध्ये ती सापडणार नाहीत; त्या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जाच नसते.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. वसाहतीतल्या एका तरुण डॉक्टरनेच तो घेतला: 'बाई, तुमची काही चूक नाही असं लोकांना सांगत सुटलात तर कोण तंबाखू सोडणार?' त्याचं बोलणं हलक्यात घेण्यासारखं नाही, तो रोज सुपारी-तंबाखूने आखडून उघडत नसलेली तोंडं तपासतो. माझं उत्तर इंदूरनेच दिलेलं आहे. हे शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत गेलं. त्याआधी इंदूरकरांना 'कचरा करू नका' असं कोणी सांगितलंच नव्हतं का? वर्षानुवर्षं सांगत होते, रागावत होते. बदल झाला तो गाडी गाणं वाजवत दारापाशी येऊ लागली, कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या उचलल्या गेल्या आणि दंडही होऊ लागला तेव्हा. तीच माणसं, तेच संस्कार. व्यवस्था बदलली, तशा सवयी बदलल्या. तंबाखूची पहिली चिमूट बहुधा पोरवयात तोंडात जाते, ज्या वयात निकोटीन म्हणजे काय हे कळत नाही. त्या पोराला अडवणं ही जबाबदारी आहे. पन्नाशीत गालफडात व्रण घेऊन आलेल्या माणसाला शरमिंदा करणं याला जबाबदारी म्हणत नाहीत.

आणि व्यवस्थेकडून आपण काय घेतलं? १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य. आम्हाला त्याचा अभिमान वाटला होता. आता पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करतं. पत्र्यांत ॲस्बेस्टॉस अजून वापरात आहे, साठाहून अधिक देशांनी तो बंद केला तरी. बाहेरची दूषित हवा २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने कॅन्सरकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात घातली. यांतली कोणती गोष्ट काकूंच्या स्वयंपाकघरात ठरते?

काकूंनी ती गाठ पाच महिने कोणाला सांगितली नव्हती. हे मला त्यांनी तिसऱ्या केमोनंतर सांगितलं, गच्चीवर पापड वाळत घातले होते तिथे बसून. मी म्हटलं, 'काकू, निदान मला सांगायचं.' त्या म्हणाल्या, 'लोक विचारतील ना गं, हिचं काय चुकलं म्हणून. आमच्या आत्याबाईंच्या वेळी विचारलंच होतं.' पाच महिन्यांत गाठ काखेपर्यंत पोचली होती. आपल्या देशात बहुतेक बाया उशिरा दवाखान्यात येतात. पैसा, अंतर, अज्ञान ही कारणं आहेतच, पण या प्रश्नाची धास्तीही त्यांतलं एक कारण आहे, आणि ती धास्ती आपल्या ओटल्यांवर तयार होते. चौकशी आपण प्रेमानेच करतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या शेजारणीही वाईट नाहीत, केमोच्या दिवशी आळीपाळीने डबा त्याच देतात.

परवा सकाळी मी शाळेच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पानाच्या गुमटीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. बासष्ट पावलं. २००३ चा कायदा सांगतो, शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. गुमटीवर पुड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या, दप्तर पाठीला लावलेली दोन मुलं समोर उभी होती. मंडळाच्या येत्या बैठकीत पहिला विषय हा घ्यावा आणि दुसरा वसाहतीतल्या मुलींच्या लसीचा, असं पत्र मी अध्यक्षांना दिलं आहे. त्यावर आतापर्यंत सात सह्या झाल्या आहेत. एक काकूंची आहे.